भाच्याला आरएक्स द्यावी का? (आणि टू-स्ट्रोकचं एवढं वेड कशापायी?)

दारव्हेकर:
नमस्कार मंडळी. दोन प्रश्न आहेत. पहिल्यावरून घरात पंधरा दिवसांपासून धुसफूस चालू आहे. दुसरा माझा मलाच पडलेला आहे.

आमच्या गोठ्यात शेवटच्या दावणीपलीकडे माझी १९९२ ची यामाहा आरएक्स १००, टू-स्ट्रोक मोटारसायकल, उभी आहे. २००९ च्या पोळ्याला शेवटची चालवली. मग टायर बसले. आधी तिच्यावर फवारणीचा पंप टांगला, मग ताडपत्री आली, मग कडबा. आता हँडलचं फक्त एक टोक दिसतं आणि त्याला बायको दुधाची बादली अडकवते.

दिवाळीत बहिणीचा मुलगा आला. वय १९, यवतमाळला आयटीआय करतो. बादली काढायला गेला आणि खाली काय आहे ते त्याला दिसलं. त्या दिवसापासून रोज फोन. "मामा, गाडी मला द्या, मी उभी करतो." या पोराला मोटारसायकल शर्यतींचं वेड आहे, तेही आजच्या नाही. रात्री गोधडीत शिरून जुन्या ५०० सीसीच्या शर्यती पाहतो. रेनी, श्वांट्झ, डूहान ही नावं त्याला नात्यातल्यांपेक्षा जास्त पाठ. त्या शर्यती झाल्या तेव्हा त्याच्या आईचं लग्नसुद्धा झालं नव्हतं.

बहीण म्हणते, दिलीस तर माझ्या दारात पाय ठेवू नको. बायको म्हणते विका, एका वासराची जागा होईल. एक दलाल येऊन गेला, त्यानं सांगितलेला आकडा ऐकून मला वाटलं तो गोठ्यासकट बोलतोय.

पहिला प्रश्न हा की द्यावी का? दुसरा असा की सतरा वर्षं चालवूनही मला सांगता येत नाही की ११ हॉर्सपॉवरच्या या गाडीत असं काय आहे. कोणाला नेमकं सांगता येत असेल तर सांगा.

संत्रेवाला_वरूड:
विकता का? फोटो टाका.

मिस्त्री_पुसद:
भाऊ, कोणाचं आयकू नका. विकूबी नका अन् आत्ता किकबी मारू नका. इतके साल उभी हाये ना, मंग बोअरमधी (सिलिंडरात) गंज आला असंल. तशीच किक हाणली त रिंगा बोअरले ओरबाडते. पहिले प्लग काढा, त्यातून जरासक टू-टी ऑइल सोडा, दोन दिस राहू द्या. मंग गाडी गिअरमधी टाकून मागचं चाक हातानं हळूच फिरवा. फिरलं त देवाची कृपा. नाई फिरलं त मले सांगा.

टाकी उघडून वास घ्या. जुनं पेट्रोल वार्निशावानी वास मारते. कार्बोरेटरचं जेट त्यानंच बुजते. अन् क्रँकचे सील बदलाच. सील सुकले की तिकडून हवा ओढते, पेट्रोल कमी पडते, पिस्टन तापते अन् गाडी पकडते, म्हंजे पिस्टन बोअरमधीच जाम होते. पोट्टे लोक समजते ऑइल कमी पडलं. ऑइल बरोबर असते, सील गेला असते.

आता येक. आजकालच्या पेट्रोलात इथेनॉल असते. जुने रबरी पाइप फुगते, चिकट होते. समदे रबर नवे टाका.

मास्तर_वाशीम:
सर्वांची माफी मागून विरोधी मत मांडतो. या इंजिनाचा नाद आता पुरे. टू-स्ट्रोकमध्ये जळलेला वायू बाहेर ढकलायचं काम आत येणारं ताजं मिश्रण करतं, आणि त्या गडबडीत न जळलेलं पेट्रोल थेट सायलेन्सरमधून निघून जातं. वर ऑइल जळतं ते वेगळं. आपण ज्याला 'तो वास' म्हणून डोळे मिटतो ते आपण विकत घेतलेलं आणि न वापरलेलं पेट्रोल आहे. आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं, त्याच वर्षी आपल्याकडे धुराचे नियम कडक झाले होते. हा काही योगायोग नाही.

दुसरं असं की आमच्या शाळेच्या रस्त्यावर जाळी काढलेल्या सायलेन्सरवाली तीन पोरं आहेत. ती आली की फळ्यावर लिहिणं थांबवावं लागतं.

अकोला_ते_औंध:
मास्तर, वर्गात बसून तो आवाज ऐकणारे आम्ही होतो. फळ्याकडे कोण पाहत होतं?

माझा अनुभव येझदीचा आहे. रोडकिंग, २५० सीसी, वडिलांची. १९९८ साली आम्ही चार जण दोन गाड्यांवर अकोल्याहून चिखलदऱ्याला गेलो. जाताना घाटात गाडी रडली नाही. परत उतरताना पेट्रोल वाचवायची अक्कल सुचली. मूठ पूर्ण बंद, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, उतार आपला खाली नेतोय. परतवाड्याच्या अलीकडे दोन वळणं राहिली असतील, मागचं चाक एकदम जाम. काळी रेघ ओढत आम्ही दोघं सागाच्या पानांत. बाजूला ओढा होता, त्यात पडलो असतो तर हे लिहायला नसतो.

तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं दोन शिव्या देऊन समजावलं. या गाडीचं ऑइल पेट्रोलात मिसळलेलं. मूठ बंद म्हणजे पेट्रोल बंद, पेट्रोल बंद म्हणजे ऑइल बंद. इंजिन मात्र उतारानं गरगरा फिरतंय, कोरडंच. उतरताना मधूनमधून मूठ पिळायची आणि डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर ठेवायची. पकडली असं वाटलं की क्लच दाब.

आज औंधमध्ये स्कूटर चालवतो. दोन बोटं अजून डाव्या लिव्हरवर असतात. तिथं क्लच नाही, मागचा ब्रेक आहे. बायको विचारते, आपण सारखे का थांबतो?

धुरकरी:
दारव्हेकर, भाच्याच्या पाया पडता ना? मग गाडी कशाला मागं ठेवता? वऱ्हाडात भाचा म्हणजे देव. देवानं नैवेद्य स्वतः मागितलाय.

दारव्हेकर:
@धुरकरी हेच वाक्य भाच्यानंही ऐकवलं. मी म्हटलं, देवाला लायसन्स लागत नाही, तुला लागतं.
@मिस्त्री भाऊ, आज प्लग काढला. ऑइल सोडलंय.

पाचशे_सीसी:
दुसऱ्या प्रश्नाला हात घालतो. लांबेल, चहा घेऊन बसा.

साध्या, म्हणजे फोर-स्ट्रोक गाडीत क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी पडते, टू-स्ट्रोकमध्ये दर फेरीला. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, बोअरला खिडक्या आणि त्या उघडझाप करणारा पिस्टन. आरएक्सचे ९८ सीसीमधून ११. त्याच काळातल्या ३५० च्या बुलेटचे १८. सीसीच्या हिशेबात आरएक्स दुपटीनं पुढं.

पण खरी जादू सायलेन्सरच्या पोटात आहे. मास्तर म्हणतात ते पेट्रोल बाहेर पळतं हे खरंच. १९५० च्या दशकात पूर्व जर्मनीत एमझेड या मोटारसायकल कारखान्यात वॉल्टर काडेन नावाचा इंजिनिअर होता. गाव झोपाऊ, सॅक्सनी प्रांतात. त्यानं या पळणाऱ्या पेट्रोलाच्या मागं लागून सायलेन्सरला विशिष्ट फुगवटा दिला. धुराची लाट नळीतून जाते, पुढच्या निमुळत्या भागावर आपटून माघारी येते आणि बाहेर पडू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा बोअरमध्ये ढकलते. तेवढ्यात पिस्टन खिडकी बंद करतो. ही वेळ फक्त ठरावीक फेऱ्यांना जमते. त्याखाली इंजिन मेल्यासारखं, वर गेलं की पाठीत गुद्दा. १९६१ पर्यंत त्याच्या १२५ सीसीनं २५ हॉर्सपॉवर दिली, म्हणजे लिटरला २००.

त्याच वर्षी त्यांचा रायडर अर्न्स्ट डेग्नर जगज्जेता व्हायच्या बेतात होता. सप्टेंबरमध्ये स्वीडनच्या शर्यतीत इंजिन गेलं आणि तो परत घरी गेलाच नाही. बायको-मुलांना गाडीच्या डिकीत लपवून सीमेपार काढलं होतं. बर्लिनची भिंत उभी राहून जेमतेम महिना झाला होता. तो गेला सुझुकीकडे, काडेनची विद्या घेऊन. १९६२ चं ५० सीसीचं विजेतेपद सुझुकीवर डेग्नरनं घेतलं. सुझुका ट्रॅकवर त्याच्या नावाचं वळण आजही आहे. एका माणसाच्या डोक्यातली नळीची मापं जपानला पोचली आणि पुढची चाळीस वर्षं टू-स्ट्रोकची झाली. १९७५ ला अगोस्तिनीनं यामाहावर ५०० चं पहिलं टू-स्ट्रोक विजेतेपद घेतलं, २००१ ला रॉसीनं होंडावर शेवटचं.

आता दारव्ह्याकडे येतो. यामाहाची पहिली गाडी, १९५५ ची वायए-१, ही डीकेडब्ल्यू आरटी १२५ ची नक्कल होती. डीकेडब्ल्यू कुठली? झोपाऊचीच. म्हणजे तुमच्या गोठ्यात बादली अडकवलेल्या गाडीचं मूळ गाव ते.

संत्रेवाला_वरूड:
गोठ्यातच असणार. गावाचं नावच झोपाऊ.

अकोला_ते_औंध:
@पाचशे_सीसी रॉसी टू-स्ट्रोकवर सात वेळा जिंकला ना?

पाचशे_सीसी:
नाही. ५०० ची टू-स्ट्रोक फक्त २००१. त्याआधी १९९७ ला १२५ आणि १९९९ ला २५०, त्याही टू-स्ट्रोकच, एप्रिलियावर. २००२ पासून ९९० सीसीच्या फोर-स्ट्रोक आल्या. तुलना पाहा, निम्मे सीसी घेऊन उभं राहायचं. त्या वर्षी टू-स्ट्रोकनं एकही शर्यत जिंकली नाही. पण साक्सनरिंगला जॅकनं यामाहाच्या ५०० वर पोल (सुरुवातीची पहिली जागा) घेतली, आणि शेवटच्या फेऱ्यांत तो आणि होंडाच्या ५०० वरचा बारोस दोघंच पुढं होते. बारोस ब्रेकिंगला घसरला आणि त्यालाही घेऊन गेला. दोन्ही टू-स्ट्रोक वाळूत. साक्सनरिंग कुठं आहे? सॅक्सनीत. जिथं सुरू झालं त्याच प्रांतात संपलं. मी त्या दिवशी नागपूरच्या हॉस्टेलवर जेवलो नाही. मेसमध्ये आलू-वांगी होती, हे कारणही थोडं होतं.

मास्तर_वाशीम:
माहितीबद्दल मनापासून धन्यवाद, मजा आली. पण शर्यतवाल्यांनीही ती सोडली हे तुम्हीच सांगितलंत. २५० चा वर्ग २००९ ला संपला, १२५ चा २०११ ला. मग दारव्ह्यानं का धरून ठेवायची?

धुरकरी:
मास्तर, याचं उत्तर मी देतो. मला ट्रॅक-बिक कळत नाही. माझे आजोबा, वडील शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी पळवायचे, मी पण दोन-चार पट केले. तळेगाव दशासरची मजा ज्यानं पाहिली त्याला वेगळं सांगायला नको.

पटाचा बैल आणि शेतीचा बैल यात फरक काय? शेतीचा बैल सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका चालीनं चालतो. तो तुमचा फोर-स्ट्रोक. पटाचा बैल वर्षभर खातो, मालिश करून घेतो, नांगराला लावला तर आजारी पडतो. सुरुवातीच्या रेषेवर उभा असतो तेव्हा पाय थरथरतात. आणि सुटला की काही सेकंद. त्या सेकंदांसाठी आमच्या आजोबांनी दोन एकर गहाण टाकली होती. आजीनं मरेपर्यंत त्यांना ते माफ केलं नाही, आणि निकाल ऐकायला पहिली दारात तीच उभी राहायची.

आरएक्स मी चालवली आहे, मित्राची. खालच्या फेऱ्यांना ती गुरगुरते, काही होत नाही. मग एका जागी आवाज बदलतो, बैल कान मागं टाकतो ना, तसा. तिथं तुम्हाला कळतं की आता सुटणार. मीटर पाहायची गरज नाही, कानाला कळतं. आता पटातही नियमानं काठी, तुतारी (टोचणी) चालत नाही, धुरकऱ्याचा आवाज आणि बैलाचे कान एवढंच शिल्लक. मला तर वाटतं दारव्हेकरांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. नवीन गाडी तुम्हाला आकडा दाखवते. ही सांगते, आणि ऐकायचं तुम्ही.

आणि हो, पटावरही २०१४ ला बंदी आली होती, २०२१ च्या डिसेंबरात परत परवानगी मिळाली. त्या सात वर्षांत ज्यांनी जोड्या विकल्या ते अजून हळहळतात.

मास्तर_वाशीम:
बैल धूर सोडत नाही हो.

संत्रेवाला_वरूड:
मास्तर कधी बैलाच्या मागं उभे राहिले नाहीत वाटतं.

दारव्हेकर:
@धुरकरी तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, दोन एकर गहाण टाकल्याचं वाक्य परत वाचा.

पाचशे_सीसी:
धुरकरी, तुम्हाला एक भर. जुन्या शर्यतीच्या इंजिनांत एरंडेल तेल वापरायचे. कॅस्ट्रॉल हे नाव 'कॅस्टर'वरूनच, म्हणजे एरंडी. तापल्यावरही पातळ होऊन सरत नाही, म्हणून. जुने लोक शर्यतीच्या ज्या वासासाठी वेडे होतात तो जळलेल्या एरंडेलाचा.

धुरकरी:
राजेहो! आमच्याकडे बंडीच्या आखाला एरंडीच्या तेलाचंच ओंगण द्यायचे. लहानपणी नळकांड्यात ते भरून बंडीला मागं टांगलेलं असायचं. म्हणजे बंडी आणि ग्रां प्री एकाच बाटलीतलं पीत होते. आता मला शांत झोप लागेल.

ऋता_आर्वी:
सगळे पुरुष इंजिनात शिरले, बहिणीचं कोणी बोलत नाही, म्हणून लिहिते.

मी आर्वीची. बाबांची राजदूत होती, १७५ वाली. दोन बाजूंना दुधाच्या कॅन, मध्ये मी, शाळेचं दप्तर पोटाशी. त्या गाडीचा धूर माझ्या युनिफॉर्मला बारा वर्षं होता. पुढे वर्धेला कॉलेजात असताना मैत्रिणीच्या भावाची आरएक्स हाती आली. 'पोरींना किक बसत नाही' असं ऐकवून दिली होती. दुसऱ्या किकला सुरू झाली. पहिल्या गिअरमध्ये मूठ जरा जास्त पिळली आणि पुढचं चाक उचललं. पडले नाही. पण परत देताना हात कापत होते आणि मी ते कोणाला दिसू दिलं नाही. म्हणून ही ओढ मला कळते.

आता भाच्याबद्दल. त्याला रेनी आवडतो म्हणता ना? त्याला विचारा, मिसानो १९९३ पाहिली का? तीन वर्षं ओळीनं जगज्जेता, चौथ्या वर्षीही गुणांत पुढं, शर्यतीतही पुढं, आणि एका वळणावर मागचं चाक सुटलं. त्या दिवसापासून व्हीलचेअर. तो खाली पडलेला जगातला सर्वात जास्त जाणणारा माणूस होता, खाली वाळू होती, जवळच डॉक्टर होते. दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर समोरून उसाची ट्रॉली येते, तीही बिनालाईटची. बहीण उगाच चिडलेली नाही.

माझं मत, द्या. पण वर्षभर तुमच्याच अंगणात, तुमच्या डोळ्यांसमोर, आणि हेल्मेट तुम्ही घ्या, त्याच्या पैशानं नको.

पाचशे_सीसी:
ऋताताई, बरोबर. आणि पुढचंही त्याला दाखवा. २०२२ मध्ये इंग्लंडात गुडवूडला रेनी परत आपल्या जुन्या यामाहावर बसला. सगळी नियंत्रणं हातात आणलेली. श्वांट्झ, डूहान, केनी रॉबर्ट्स आजूबाजूला. ज्या श्वांट्झशी आयुष्यभर भांडला तोच सोबतीला होता. १९९१ ला होकेनहाइमला शेवटच्या फेरीत श्वांट्झनं ब्रेक इतका उशिरा मारला की मागचं चाक हवेत डुलत होतं, तो याच रेनीला मागं टाकायला.

त्या ५०० चं वजन साधारण १३० किलो आणि ताकद १८० च्या आसपास, कुठलंही इलेक्ट्रॉनिक मदतनीस नाही. अकोलेकर, तुमच्या त्या दोन बोटांबद्दल सांगायचं राहिलं. तेही लोक क्लचवर बोटं ठेवूनच चालवायचे, कारण इंजिन कधी पकडेल सांगता यायचं नाही. तुम्ही स्कूटरवर जगज्जेत्यांची सवय घेऊन फिरताय.

संत्रेवाला_वरूड:
आरडी ३५० वाले कोणी नाही का इथं? आमच्या गावात एक होती. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, नावाला ब्रेक. जपानमध्ये पुढं डिस्क होती, आपल्याकडे ड्रम बसवून दिली. मालक म्हणायचा, थांबायचं असेल तर आदल्या दिवशी ठरवावं लागतं.

अकोला_ते_औंध:
आणि दारव्ह्याच्या लोकांनी हे पण सांगावं की शकुंतलेशी, आपल्या त्या रखडत चालणाऱ्या छोट्या आगगाडीशी, शर्यत कोणी लावली होती. प्रत्येक गावात एक मामा असतो जो म्हणतो मी मूर्तिजापूरपर्यंत शकुंतला मागं टाकली.

धुरकरी:
शकुंतलेला माझ्या आजीनं मागं टाकलं होतं. ती पायी होती. डोक्यावर सरपण होतं.

दारव्हेकर:
मंडळी, ताजी खबर. भाचा शनिवारी आला. बहिणीला सांगितलं की मामाकडे सोयाबीन काढायला जातो. सोयाबीन दसऱ्यालाच निघालं, हे तिला माहीत असणार, पण ती काही बोलली नाही. ऋताताईंचा प्रतिसाद मी तिला पाठवला होता.

कडबा, ताडपत्री, पंप काढला. मागचं चाक फिरलं! जरा कर्कश आवाज करत, पण फिरलं. मग सायलेन्सर खोलला. आत काय निघालं असेल? सरकी. उंदरानं घरच्या कापसाची सरकी नेऊन टोकापर्यंत भरली होती, ओंजळभर नाही, दोन शेर. काडेन साहेबांची लाट तिथं आपटून काय करणार. जाळी चिंचोक्यासारखी काळी. कार्बन काढायला सायलेन्सर गोवऱ्यांच्या आरात ठेवला, दोन तास निळा धूर. वास आला तसं वडील (८१ वर्षं, कमी ऐकू येतं) आतून ओरडले, "गाडी सुरू झाली का रे?"

आता प्रश्न. भाचा म्हणतो ऑइल पंप ठेवायचा. गावातला मिस्त्री म्हणतो पंप काढून टाका, पेट्रोलात लिटरला २० मिली ऑइल टाका आणि निवांत राहा. कोणाचं ऐकू?

पाचशे_सीसी:
पंप ठेवा. मूठ जितकी उघडेल आणि इंजिन जितकं फिरेल त्या मानानं तो ऑइल देतो. गरज नसताना धूर नाही, मास्तरांचाही शिव्याशाप कमी. कंपनीनं विचार करून दिलेली वस्तू आहे.

मिस्त्री_पुसद:
पाचशेभाऊ, तुमचं पुस्तकात बरोबर हाये. पर पंपाची वायर तुटली, नाई त नळीत हवेचा बुडबुडा बसला, त तुमाले कोण सांगते? इंजिनच सांगते, पकडून. तीस पस्तीस सालाचा पंप हाये थो. मी त ज्या गाडीचा पंप भरवशाचा नाई तिचा बंद करतो अन् पेट्रोलात मिक्स करतो. धूर जास्त, पर झोप लागते.

पाचशे_सीसी:
मग पंप तपासा आणि बुडबुडा काढा. काढून टाकणं हा इलाज नाही.

मिस्त्री_पुसद:
तपासाले पोट्टा हाये का तेवढा हुशार?

दारव्हेकर:
पोट्टा बाजूलाच बसून वाचतोय. लाल झालाय.
मधला मार्ग काढला. पंप राहील, पण पहिली टाकी मिक्स पेट्रोलची घालू. पंप ऑइल ओढतोय हे दिसलं की साधं पेट्रोल.

मिस्त्री_पुसद:
हे पटलं. आसंच करतो आमीबी.

मास्तर_वाशीम:
जाळी परत बसवणार ना?

दारव्हेकर:
बसवली, मास्तर. भाच्यानंच. म्हणतो जाळीशिवाय चालवणाऱ्याला लाटेचं काही कळलेलं नसतं.

मास्तर_वाशीम:
मुलगा शिकेल. माझा विरोध कायम, पण पहिल्या किकचा आवाज इथं टाका. ऐकायला हरकत नाही.

संत्रेवाला_वरूड:
मास्तर पकडले गेले. क्लच दाबा.

दारव्हेकर:
बुधवार. हेड उघडून पाहिलं तर बोअरला खड्डे होते. यवतमाळला बोअर करून आणला, एक साइज मोठा पिस्टन, नव्या रिंगा, सील, सगळे रबर. बहिणीनं फोन केला, म्हणाली हेल्मेटचा रंग कोणता घेतला? मी म्हटलं पांढरा. म्हणाली, धूळ बसते पांढऱ्यावर, लाल घ्यायचा. एवढंच बोलली, पण बोलली.

भाच्यानं आज दिवसभर एकट्यानं बसून जोडणी केली, मला हात लावू दिला नाही. पिस्टन आत गेला, रिंगा दाबून बोअर बसवला, हेडचे नट आळीपाळीनं आवळले. आत्ता लाईट गेली म्हणून थांबलोय. उद्या सकाळी सात वाजता पहिली किक. वडील अंगणात खुर्ची टाकून बसणार आहेत.

मिस्त्री_पुसद:
लय भारी. येक फक्त सांगा. पिस्टनच्या डोक्यावर बाण असते, थो सायलेन्सरच्या बाजूले केला ना? उलटा बसला त रिंगेचं तोंड खिडकीत अडकते अन् तुटते.

दारव्हेकर:
भाच्याला विचारतो.

दारव्हेकर:
तो विचारतोय, "कोणता बाण?"

मिस्त्री_पुसद:
हाव. उद्याची किक मारू नका. खोला.

दारव्हेकर:
टॉर्च घेऊन गोठ्यात गेलाय. मीही निघतो. बायकोनं बादली परत हँडलला अडकवली आहे, आधी ती काढावी लागेल.